तोंडाशी घास, फोटो झकास

एका जंगलात, मुलांनो, एकही झाड नव्हतं. नुसता उंच कडा, वर गवत आणि खाली समुद्र. पण गोष्टीला जंगल लागतंच, म्हणून आपण त्याला जंगल म्हणू. उगाच फाटे फोडायचे नाहीत.

त्या कड्यावर बिळं करून पफिन पक्षी राहत. काळा कोट, पांढरं पोट आणि पोळ्याच्या बैलाची शिंगं रंगवावीत तशी रंगीत चोच. त्यांतल्या चोचाजी आणि चोचाबाईंना एक पिल्लू होतं, गोळू. चोचाजींनी समुद्रातून मासे आणायचे, चोचाबाईंनी बिळाच्या तोंडाशी भरवायचे आणि गोळूने खायचे. खाऊन गुबगुबीत झाला, तर तो समुद्रावर उडणार होता. नाही झाला, तर नाही.

एके दिवशी तिथे मुकुंदराव तरस आले. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात भोपळ्याएवढा कॅमेरा. जन्मभर त्यांनी लग्नांचे फोटो काढले होते. आता त्यांना निसर्गाची ओढ लागली होती.

चोचाजी चोचभर मासे घेऊन उडत येत होते.

"दादा, हलू नका!" तरस ओरडले.

चोचाजी पडले सज्जन. ते पंख हलवायचे थांबले आणि धपकन समुद्रात पडले.

"छान! आता पुन्हा एकदा, जरा हसून!"

चोचाजी हसले. चोच उघडली आणि मासे गेले.

तिसऱ्या खेपेला थोडे मासे कसेबसे बिळापर्यंत पोचले. गोळूने आ केला.

"वहिनी, घास तोंडाजवळच धरा! भरवू नका! बाळा, तू इकडे बघ!"

लग्नात असंच करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चोचाबाईंनी घास धरला. ढग आला म्हणून आणखी धरला. तेवढ्यात एका कुरव पक्ष्याने झडप घातली आणि मासे पळवले. फोटो मात्र त्याआधीच निघाला होता.

मग रोज हेच चाललं. अल्बम फुगत गेला आणि गोळू वाळत गेला. मला त्या तरसाचा अस्सा राग आला! पण गोष्ट सांगणाऱ्याला मध्ये पडता येत नाही.

"आई, भूक लागलीय गं," गोळू म्हणाला.

"असं काय करतोस?" चोचाबाई म्हणाल्या. "अख्ख्या जंगलाने फोटोत तुला जेवताना पाहिलंय."

तोंडाशी घास धरलेल्या त्या पहिल्या फोटोला, 'वात्सल्य' या नावाने, जंगलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. समारंभ कड्यावरच झाला. सिंहमहाराजांनी परातीतला मोठा पेढा उचलून तरसाच्या तोंडाशी नेला. तरसाने आ केला.

"महाराज, असंच थांबा!" सगळे ओरडले. आता प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा होता. महाराज थांबले. तरसही थांबले.

गोळू तुरुतुरु पुढे आला आणि महाराजांच्या पंजातला पेढा त्याने गट्ट केला.

"अरे मेल्या, फोटो व्हायचा होता ना!" तरस किंचाळले.

"काढा की काका," गोळू म्हणाला. "घास आता पोटात आहे. तो काही हलणार नाही."

आणि तो परातीकडे वळला.

तात्पर्य: तोंडाशी आलेला घास कुणी हिरावून नेला, तर रडत बसू नये. त्याआधी फोटो निघाला होता की नाही, एवढंच पाहावं.