उत्तरसूचीतली चूक

"टायपिंग मी करून देतो," असं मी सोमवारी संध्याकाळी बायकोला म्हणालो. एवढंच म्हणालो. (नवऱ्याने मदतीची तयारी दाखवली की बायका आधी घाबरतात आणि मग आभार मानतात. आमच्याकडे दुसरा भाग कायम राहून जातो.)

बायको शाळेत मराठी शिकवते, पण तीन वर्षं तात्पुरती. मंगळवारी बाराच्या मीटिंगआधी मुख्याध्यापिकांनी तिच्या शिफारसपत्रावर सही केली तर ती कायम होणार होती. नाही केली, तर पुढच्या सत्रापासून घरी. आणि सही करण्यापूर्वी मॅडम तिची नववीची प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची स्वतः तपासणार होत्या. एका चुकीच्या उत्तरावरून त्यांनी पूर्वी एका सरांना वर्षभर लटकवून ठेवलं होतं. त्यामुळे बायको आठवडाभर धड जेवली नव्हती.

उत्तरसूची तिने हाताने लिहायला घेतली होती. माझ्याकडे प्रश्नपत्रिकेचं फक्त एक पान होतं, 'अलंकार ओळखा'. तिची उदाहरणं मी दहा मिनिटांत टाइप केली. तिथेच उठायला हवं होतं. पण चंद्र, कमळ, हरिणीचे डोळे, तेच ते! माझ्यातला साहित्यिक (जो अठरा वर्षं ऑफिसात स्मरणपत्रं लिहून अर्धमेला झाला होता) जागा झाला, आणि मी गंमत म्हणून दुसरं पान केलं. उपमा: 'मॅडमचा आवाज शाळेच्या घंटेसारखा आहे, फक्त घंटा थांबते.' अतिशयोक्ती: 'मॅडम रागावल्या की तिसऱ्या मजल्यावरचे फळे आपोआप पुसले जातात.' चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारख्या वागतात ती: 'मॅडम दिसल्या की व्हरांड्यातल्या कुंड्या श्वास रोखतात.' आणि व्याजस्तुती, वरून कौतुक, आतून टोला: 'मॅडम किती दयाळू! रजा नाकारताना कारणसुद्धा विचारत नाहीत.'

वाचून मी एकटाच बराच वेळ हसलो. मग दोन्ही पानं छापली, बायकोचं पाकिटात घालून चिकटवलं आणि माझं फाडायचं म्हणून ऑफिसच्या बॅगेत टाकलं.

मंगळवारी पावणेअकराला ऑफिसात ते पान फाडायला बाहेर काढलं. चंद्र, कमळ, हरिणीचे डोळे.

म्हणजे पाकिटात माझं पान गेलं होतं. बायको फोन स्टाफरूमच्या कपाटात ठेवते, त्यामुळे फोन करून उपयोग नव्हता. साहेबांना सांगितलं की घरी गॅस चालू राहिलाय, आणि सुटलो. बस सिग्नलला अडकली तेव्हा उतरून दोन स्टॉप पळालो. (शेवटचा असा पळालो होतो तो लग्नाआधी.) शाळेच्या फाटकावर शिपायाने वही पुढे केली. नाव, पत्ता, येण्याचं कारण. कारणात मी लिहिलं, 'झाला प्रकार.'

मॅडमच्या ऑफिसात शिरलो तर बायको टेबलासमोर उभी, चेहरा पांढराफटक. मॅडमच्या हातात लाल पेन. शेजारी शिफारसपत्र, सही नाहीच.

"हे तुम्ही विचार करून लिहिलंत?" मॅडम तिला विचारत होत्या.

संपलं, असं मला वाटलं, आणि मी मध्येच बोललो. "मॅडम, हिचा काही दोष नाही. ते घंटेचं माझं आहे."

बायकोने डोळे मिटले.

"कुठल्या घंटेचं?" मॅडमनी विचारलं.

शहाण्या माणसाने इथे विषय बदलला असता. मी चारही वाक्यं क्रमाने म्हणून दाखवली, अलंकारांच्या नावांसकट. मग खरं पान द्यायला हात पुढे केला आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास आडवा झाला. बायकोने शिफारसपत्र उचलून डोक्यावर धरलं म्हणून ते वाचलं. टाचण्यांची डबी आणि हजेरीपट वाचले नाहीत. शिपाई फडकं आणायला धावला.

मला खरोखर रडू येत होतं. तिची तीन वर्षं मी तीन मिनिटांत धुऊन टाकली होती.

मॅडमनी प्रश्नपत्रिकेचं पान माझ्याकडे फिरवलं. "तुमचं यात काही नाही. वाचा."

बायकोने स्टाफरूममध्ये पाकीट उघडून पाहिलं होतं. (मी चिकटवलेलं सगळंच ती उघडून पाहते.) हातात पंधरा मिनिटं होती, तेवढ्यात जे आधी सुचलं ते तिने टाइप केलं होतं. सुचलो मी. उपमा: 'बाजारात माझे पती हरवलेल्या सामानासारखे उभे असतात.' चेतनगुणोक्ती: 'यांनी हातोडी उचलली की भिंत अंग चोरते.' शेवटच्या वाक्याखाली मात्र लाल रेघ होती. 'माझ्या पतींनी एक काम हातात घेतलं, की घरात तीन कामं वाढतात.'

"ही सरळ अतिशयोक्ती आहे, असं माझं म्हणणं," मॅडम म्हणाल्या. "उत्तरसूचीत यांनी स्वभावोक्ती लिहिलंय. म्हणजे जे जसं आहे, ते तसंच सांगणं. इतकी मोठी चूक, म्हणून सही थांबवली होती."

त्यांनी ओल्या हजेरीपटाकडे पाहिलं, फडकं पिळणाऱ्या शिपायाकडे पाहिलं, डोक्यावर पत्र धरून उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि शेवटी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

मग तिच्या हातातून पत्र घेऊन त्यांनी सही केली.

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या.