'झालं' म्हणजे नक्की काय?

जावयाच्या ऑफिसात भाषेवरून भांडण जुंपलंय हे बाईंना कळलं, तेव्हा त्या स्टुलावर उभ्या राहून धुवायला टाकायचे पडदे काढत होत्या. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. मधलं दार कधीच नीट लागत नसे. बाईंनी तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेलं, त्यामुळे 'भाषा' हा शब्द कानावर पडला की त्यांचे हात आपोआप थांबत. दहा मिनिटं त्यांनी मन लावून ऐकलं आणि त्यांना एवढंच समजलं, की आतले तिघेही एकमेकांना अडाणी समजतायत.

भांडणाचं मूळ एका लॉन्ड्रीत होतं. लॉन्ड्रीवाल्यांना मोबाइलवर चालणारं ॲप हवं होतं. कपडे तयार झाले की गिऱ्हाइकाला निरोप जावा, बस. दिवसभर लोक फोन करून "झाले का?" विचारत आणि फोन उचलण्याच्या नादात कपडे तसेच राहत. काम छोटं होतं, पण जावयाच्या हातात सध्या तेवढंच होतं. येत्या सोमवारी काहीतरी चालतं-बोलतं दाखवा, नाहीतर मी दुसरीकडे जातो, असं लॉन्ड्रीवाल्यांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. आज मंगळवार. आणि ॲप कॉम्प्युटरच्या कोणत्या भाषेत लिहायचं इथेच गाडं अडलं होतं.

ऑफिसात सगळ्यात अनुभवी म्हणून ज्यांना चाळिशीतच 'काका' हे नाव चिकटलं होतं, त्यांचं मत असं, की अँड्रॉइड फोनसाठी कोटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट. प्रत्येक फोनशी त्याच्या मातृभाषेतच बोलावं. शेजारच्या टेबलावरच्या ताईला हा शुद्ध वेडेपणा वाटत होता. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची? डार्टमध्ये एकदा लिहा, दोन्हीकडे चालेल. जावयाने आजवरच्या सगळ्या वेबसाइट जावास्क्रिप्टमध्ये केल्या होत्या. आपल्याला जी भाषा येते तीच सगळ्यात चांगली, असं त्याचं अगदी प्रामाणिक मत होतं.

बाई वही-पेन घेऊन आत गेल्या.

"आई, तुम्हाला यातलं काही कळायचं नाही," जावई म्हणाला.

"म्हणूनच आले," म्हणत बाईंनी खुर्ची ओढली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला. तुमच्या भाषेत 'कदाचित' कसं म्हणतात? काकांनी डोकं खाजवलं. मग त्यांनी सांगितलं, की एखादी गोष्ट असेल किंवा नसेलही, अशी शंका असली की ती कुठल्या प्रकारची हे सांगणाऱ्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह लावतात. बाई हरखल्या. तीस वर्षं त्यांनी प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी बसवलं होतं. ते शब्दाच्या पाठीवर बसून शंका वाहून नेतं, हे त्यांना फारच आवडलं. ताईने नाइलाजाने कबूल केलं, की तिच्या भाषेतही असंच प्रश्नचिन्ह आहे. हे साम्य निघाल्यावर दोघांचे चेहरे आणखीच आंबट झाले. जावयाच्या भाषेत मात्र 'काही नाही' म्हणायला दोन शब्द निघाले. एकाचा अर्थ 'रिकामं आहे' आणि दुसऱ्याचा 'अजून ठरलेलंच नाही'.

"दुसरा शब्द या ऑफिससाठी बरा आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो वहीत उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात शांतता पसरली. बाईंना वाटलं, मिटलं. पण काका आणि ताई एकमेकांशी बोलेनासे झाले होते आणि जावई दोघांशी. प्रत्येकाने मनाशी एकच बेत केला होता: गुपचूप आपल्या भाषेत ॲप करून सोमवारी ते चालतानाच दाखवायचं, म्हणजे वादच संपला.

त्यासाठी तिघेही एकमेकांच्या नकळत लॉन्ड्रीत जाऊन आले. लॉन्ड्रीवाल्यांना वाटलं, केवढी मोठी कंपनी ही, प्रत्येक कामाला वेगळा माणूस! त्यांनी तिघांनाही आनंदाने मदत केली. काकांनी आपलं ॲप घातलेला एक जुना फोन धुलाईयंत्राजवळ टांगला, कारण तिथे खिळा होता. ताईला इस्त्रीच्या टेबलावर कोपरा मिळाला. जावयाने काउंटर पकडला. तिन्ही फोनांवर गिऱ्हाइकांची नावं आणि प्रत्येक नावासमोर एकच बटण होतं: 'झालं'. काम झालं की दाबायचं. लॉन्ड्रीवाल्यांनी आपल्या चाळीस नेहमीच्या गिऱ्हाइकांना तिन्ही ॲप घ्यायला लावली. त्या चाळिसांत बाईही होत्या, कारण त्यांचे पडदे तिथेच पडले होते.

शनिवारी सकाळी बाईंच्या फोनवर निरोप आला, की तुमचे कपडे झाले. त्या पिशवी घेऊन गेल्या. पडदे झाले होते, म्हणजे धुऊन झाले होते. यंत्रातून काढून टोपलीत निथळत होते. त्या घरी परतल्या. तासाभराने पुन्हा निरोप आला. या खेपेला पडदे इस्त्री होऊन टेबलावर होते, पण त्यांच्यावर चार लोकांच्या चादरी होत्या आणि कुठला कपडा कोणाचा याचा मेळ लागत नव्हता. थोडा वेळ थांबा, असं त्यांना सांगण्यात आलं. थांबायला मात्र जागा नव्हती. चाळीसपैकी निदान तीस जण आत उभे होते, काही दुसऱ्या खेपेला, काही तिसऱ्या. प्रत्येक जण आपला फोन लॉन्ड्रीवाल्यांच्या नाकासमोर धरून दाखवत होता. एका गृहस्थांची साडेअकराला नोकरीसाठी मुलाखत होती आणि 'झालेला' कोट थांबलेल्या यंत्रात अजून ओलाच पडून होता. ते काचेतून त्याच्याकडे नुसते बघत उभे होते.

लॉन्ड्रीवाल्यांच्या फोनमुळे तिघेही धावत आले आणि दारात एकमेकांना पाहून थबकले. मग सगळं उघडकीला आलं. काकांचं म्हणणं, घोळ ताईच्या भाषेने केला. ताई म्हणाली, दोन भाषा वापरल्या की असंच होतं. जावई म्हणाला, माझं ॲप बरोबर चाललंय. गंमत म्हणजे तिघांचीही ॲप अगदी बरोबर चालली होती.

बाई काउंटरच्या आत शिरल्या आणि वर्गात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. सगळ्यांनी आपोआप फोन खाली केले. धुलाईवाल्या मामांना त्यांनी विचारलं, "झालं म्हणजे काय?"

"यंत्र थांबलं की झालं," मामा म्हणाले.

इस्त्रीवाल्या मावशींच्या मते घडी पडली की झालं. लॉन्ड्रीवाले म्हणाले, पिशवीत भरून चिठ्ठी लावली की झालं. या लॉन्ड्रीला बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षं तिघेही एकमेकांना "झालं" म्हणत आले होते.

बाई जावयाकडे वळल्या. "क्रियापद सगळ्यांचं एक, कर्ता प्रत्येकाचा वेगळा. आता यात तुमची कुठली भाषा काय करणार?"

काकांनी खिशातून कागद काढला, ताईने पेन दिलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच ते दोघं एकमेकांशी धड बोलले. धुतले, इस्त्री झाली, घेऊन जा, अशा तीन पायऱ्या ठरल्या. गिऱ्हाइकाला निरोप फक्त शेवटच्या पायरीचा. तोवर मावशींनी तो कोट यंत्रातून काढून इस्त्रीनेच वाळवला आणि ते गृहस्थ अंगातून वाफा काढत मुलाखतीला पळाले.

भाषेचा निकाल त्याच दुपारी लागला, आणि तो काकांनी लावला. गर्दीत उभं राहून त्यांनी लोकांच्या हातातले फोन पाहिले होते. सगळ्या तऱ्हांचे होते. एवढ्याशा बदलासाठी आपल्याला दोनदा लिहावं लागणार आणि ताईला एकदाच, हे त्यांनी मनाशी ताडलं होतं. ताईचीच भाषा घेऊ, मी शिकून घेईन, असं ते म्हणाले. ताईने आपली खुर्ची त्यांच्या टेबलाजवळ सरकवली. जावयानेही मान डोलावली. बाई वही उघडून तिसऱ्या खुर्चीवर बसल्या.

सोमवारी लॉन्ड्रीवाल्यांनी नवं ॲप पाहिलं, बटणं दाबून बघितली आणि काम पक्कं केलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. ॲप झकास आहे, ते म्हणाले, सगळे वेळेवर येतात, आपली पिशवी उचलतात आणि जातात. फक्त एक विनंती होती. घोळ झाला त्या शनिवारी रिकाम्या हाताने कोणीच आलं नव्हतं. जातोच आहोत तर मळलेले कपडेही टाकून येऊ, म्हणून प्रत्येकाने काही ना काही आणलं होतं; जे तीनदा आले त्यांनी तीनदा आणलं. एवढे कपडे लॉन्ड्रीने बावीस वर्षांत पाहिले नव्हते.

"तर महिन्यातून एखाद्या वेळी, चुकून, तसे जास्तीचे निरोप पाठवता येतील का?"

फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता. काकांनी ताईकडे पाहिलं, ताईने जावयाकडे, आणि तिघेही एकदमच बोलले.

"नाही हो. ते कुठल्याच भाषेत होत नाही."

लॉन्ड्रीवाल्यांना वाईट वाटलं, पण पटलं.