मुकादमसाहेबांची ओढणी

आमच्या ऑफिसातलं सर्वांत भरवशाचं यंत्र कोणतं, असं विचारलंत तर मुकादमसाहेब टेबलाचा खण उघडून जॉर्जेटच्या जुन्या ओढणीचा हिरवा तुकडा दाखवतील. हात मात्र लावू देणार नाहीत.

नवी मुंबईत महाप्याच्या आमच्या छोट्या कंपनीत स्टीलच्या बारीक नळ्यांची डिझाइनं होतात. शेवईपेक्षा थोडी जाड नळी. तिला लेझरने इतके नाजूक काप द्यायचे की ती शिरेतून वळत वळत हृदयापर्यंत जावी, पण मोडू नये. कापून देणारा पुरवठादार पुण्याचा. त्याला छळणं आणि त्याचा माल तपासणं हे साहेबांचं खातं, आणि मी त्यांच्या हाताखाली. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, मोजमापाची यंत्रं आहेत. ती सगळी 'पास' म्हणाली तरी साहेब प्रत्येक खेपेतल्या दहा नळ्या त्या ओढणीतून ओढून बघतात आणि मग त्या दहा भंगारात टाकतात. कापाच्या कडेला कुसळ राहिलं असेल तर जॉर्जेटचा धागा निघतो. धागा निघाला की साहेब कपाळाला हात लावून म्हणतात, "घात झाला!" आणि अख्खी खेप परत जाते.

त्यांचा घात एरवीही होतच असतो. लिफ्ट अडकली, घात. चहा गार झाला, घात. पुण्याला फोन लावला की सलामाच्या आधी घात. माणूस श्रीवर्धनकडचा, समुद्रात पोहत वाढलेला, पण वाशीच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्याला टरकतो. आम्ही हसलो की म्हणतात, "तुमी हसा. पण नळीच्या त्या टोकाला माणूस हाय."

मी सगळ्यांत जास्त हसायचे.

मध्यंतरी साहेब भाच्याच्या लग्नाला गावी गेले आणि खणाची किल्ली माझ्याकडे आली. सोबत दीड पान सूचना. नेमकी त्याच शनिवारी आमच्या घणसोली गावात माझ्या चुलतबहिणीची हळद होती. मी सात नळ्या ओढल्या, एकही धागा हलला नाही. घड्याळ बघितलं, रजिस्टरात दहा लिहिलं आणि सही ठोकून निघाले. हळदीत इतकी नाचले की ते तीनचं पाप विसरूनही गेले.

मग साहेबांच्या बायकोच्या, फरीदाभाभींच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. मांडीतल्या शिरेतून नळी घालायची आणि तिच्या टोकावरून नवी झडप आत न्यायची. ती नळी आमचीच निघाली. साहेबांनी हॉस्पिटलात आलेल्या किटवरच्या नंबरावरून खेपसुद्धा शोधून काढली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अकराला मला फोन आला.

"बाय, ती भाच्याच्या लग्नाच्या टायमाची खेप हाय. तू दहाच्या दहा ओढल्यास ना?"

"हो साहेब," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि त्या खेपेचं रजिस्टर उघडलं. ती न ओढलेली आठवी नळी, नववी, दहावी. त्यांच्यात कुसळ असलं तर? बाकीच्या खेपेत असलं तर? भाभी दर ईदला माझ्यासाठी वेगळा डबा भरून पाठवतात, त्यांच्या शिरेत आत्ता त्यातलीच एखादी सरकत असेल. मला बसवेना. रिक्षा केली आणि नेरूळचं हॉस्पिटल गाठलं. वाटेत साहेबांचा घात पहिल्यांदाच मला खरा वाटला.

ते बाकड्यावर एकटेच बसले होते. मुठीत हिरवा तुकडा.

"साहेब, मी सातच ओढल्या होत्या. रजिस्टरात खोटं लिहिलं."

"माहीत हाय."

"कसं काय?" मी विचारलं.

"भंगाराच्या डब्यात सातच नळ्या व्हत्या. सोमवारी माल जायच्या आदी तीन मी ओढल्या. साफ निघाल्या."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू घाबरली असतीस. ऑफिसात एक घाबरट बास झाला."

मला रडू आलं, आणि रागही आला. "मग आज फोन कशाला केलात? माझा जीव जायची वेळ आली होती!"

साहेब ओढणीची घडी घालत बसले. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"हिला आत नेऊन दीड तास झाला," ते म्हणाले. "पोरगा कतारला. कोणाशी तरी बोलावंसं वाटलं. नळीशिवाय दुसरं काय बोलायचं ते सुचेना."

मी त्यांच्या शेजारी बसले. पुढचा पाऊण तास आम्ही पुण्याच्या पुरवठादाराला शिव्या घातल्या.

मग दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. "मुकादम? झडप छान बसली. काकू शुद्धीवर आहेत."

साहेब उठले. "नळी काढताना कुठं अडकली नाय ना?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. "सांगा ना त्यांना."

"नाही हो काका. अलगद निघाली."

साहेब मटकन खाली बसले. आणि ज्या तुकड्याला आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, त्यातच त्यांनी डोळे पुसून जोरात नाक शिंकरलं.