पियानोच्या पोटातलं परीक्षण

सकाळी सहाला पियानो जुळवणाऱ्याने स्टॉलवर वर्तमानपत्र उघडलं, परीक्षण वाचलं आणि पटकन मिटलं. उंच पट्टीतलं पाश्चात्त्य गाणं गाणाऱ्या बायकोच्या कालच्या मैफलीबद्दल त्या खडूस समीक्षकाने लिहिलं होतं : ‘सोप्रानोचे वरचे सूर अचूक, पण श्वास कपाटात कोंडून ठेवल्यासारखा. ऐकणाराच गुदमरतो.’

आज संध्याकाळी दुसरी मैफल होती. पाच वर्षांपूर्वी अशाच एका परीक्षणानंतर तिने चार महिने तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे गायला. बाकी बोलायला भरपूर उघडलं होतं.

“किती अंक आहेत?” त्याने विचारलं.

“अडतीस.”

“सगळे द्या.”

“वहिनींबद्दल इतकं छान आलंय?”

“छानच,” तो म्हणाला आणि तिथेच फसला.

घरी येईपर्यंत दुसरा प्रश्न उभा राहिला. लपवायचे कुठे? पलंगाखाली ती रोज झाडायची, कपाटं तर तिचीच. जन्मभर पियानोंच्या पोटात डोकावणाऱ्या माणसाला एकच जागा सुचली. त्याने पियानोची खालची फळी काढली, अडतीस अंक आत कोंबले आणि फळी गुडघ्याने दाबून बसवली.

नऊला ती सरावाला बसली.

“अहो, ह्याला सर्दी झालीय का? आणि हे पेडल दबत का नाही?”

“हवा दमट आहे.”

“काल नव्हती.”

“आजच झाली.”

गावभरचे पियानो बरे करत हिंडणारा नवरा स्वतःच्या घरात हवेकडे बोट दाखवतोय, हे बघून तिने पेडल पुन्हा दाबून पाहिलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू आणि त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य.

“अभिनंदन! स्टॉलवाला म्हणाला, अडतीसच्या अडतीस अंक तुम्हीच उचललेत. एक तरी द्या वाचायला!”

“संपले. नातेवाइकांना दिले.”

“अडतीस?” दंतवैद्यांनी घड्याळ पाहिलं. “सकाळपासून?”

“बरं, तोंडी तरी सांगा,” काकू म्हणाल्या.

ती पियानोवरून उठून दारात आली होती. “हो, सांगा ना. मलाही कळू दे.”

त्याला थापा मारायची सवय नव्हती. म्हणून वाचलेलंच उलटं करून सांगितलं. “लिहिलंय की... श्वास अगदी मोकळा. खिडकी उघडल्यासारखा. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.”

काकूंनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, “त्यांनी लिहिलं असं? ते तर कुणाला दारात उभं करत नाहीत.”

“वय झालं. मवाळ झालेत.”

दुपारी तो कामावर गेला आणि तिथून परस्पर सभागृहात पोचला. पहिल्याच गाण्यात त्याने कान टवकारले. वरचा सूर आला, निवांत थांबला आणि घाई न करता खाली उतरला. तिसऱ्या रांगेत समीक्षकाने पेन खिशात ठेवून डोळे मिटले. आपली थाप लागू पडली म्हणून ह्याची छाती फुगली.

“बघ,” घरी परतताना तो म्हणाला, “चांगलं काही कानावर पडलं की माणूस कसा गातो!”

“कानावर कशाला? वाचलं की मी. दुपारी फळी काढून. इतकी वर्षं तुमच्याशी संसार केलाय, फळी काढता येते मला.”

तो ओशाळला. “मग... वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. रडायलाच बसणार होते. पण एकामागून एक अंक निघतच राहिले हो! विसाव्यापर्यंत हसून हसून पोट दुखायला लागलं. आणि तेव्हा कळलं, श्वास असा घ्यायचा असतो. म्हातारा बरोबर लिहितो.”

दुसऱ्या दिवशी कौतुकाचं परीक्षण आलं. स्टॉलवाल्याने आठवणीने अडतीस अंक बांधून ठेवले होते. ह्याने एकच घेतला. तो अंक पुढे कुठे गेला, कुणास ठाऊक. आदल्या दिवशीचे मात्र तिने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीवर अंथरले, परीक्षण वर येईल असे. “मीठ काढताना तरी आठवण राहील,” ती म्हणाली.

आता ती नाही. लेक सुट्टीला आली की डबे पुसायला घेते.

“बाबा, हे कागद पार पिवळे पडलेत. बदलू या का?”

“बदल की.”

मग लेक एकेक डबा उचलते, त्याखालचं वाचते, एक मोठा श्वास घेते आणि डबा जागच्या जागी ठेवते.