आत्येस पकडा!

"गुन्हेगारी जगतात माझं नाव कुणी घेत नाही, कारण घेतलं तर आपण पकडले जाऊ अशी धास्ती असते. तीक्ष्ण नजर, थंड डोकं आणि नुसत्या चेहऱ्यावरून माणसाने सकाळी काय खाल्लं ते ओळखण्याची विद्या, या तीन गोष्टी निसर्गाने एकाच माणसात घातल्या. तो माणूस आत्ता तुमच्यासमोर सूप पितोय."

ही ओळख राजन जयप्रकाश गुळवणी यांनी स्वतःच स्वतःची करून दिली, इंग्रजीत, जहाजावरच्या जेवणाच्या टेबलावर, झ्वोलेहून आलेल्या एका निवृत्त डच जोडप्याला. त्या वेळी त्याच तीक्ष्ण नजरेखाली त्याच्या शर्टावर सूप सांडलेलं होतं. डच बाईंनी ते लगेच सांगितलं. डच लोक सांगतात.

मी मृदुला, या माणसाची बायको. तो मला 'सहायक' म्हणतो. या नोकरीत पगार नाही, रजा नाही आणि राजीनामा द्यायचा तर पुण्याच्या फॅमिली कोर्टात जावं लागतं.

आम्ही राहतो हॉलंडमध्ये, आणि खरं म्हणजे राजन आम्स्टरडॅममधल्या स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचे त्याला पैसे मिळतात. त्यामुळे जगात जिथे जिथे काही चुकतंय तिथे तिथे आपली गरज आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली. रायस्वाइक गावात, आम्ही राहतो त्या बिल्डिंगखालून माझी सायकल गायब झाली, तेव्हा त्याने समोरच्या एका गरीब म्हाताऱ्यावर दुर्बिणीतून पाळत ठेवली. सायकल खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, उचलून नेली होती, कारण ती 'इथे सायकल लावू नये' या पाटीच्याच खांबाला बांधलेली होती. बांधली होती राजनने. ही केस आपण सोडवली असं तो आजही पाहुण्यांना सांगतो.

तर ही हकिगत कोविडच्या आदल्या उन्हाळ्यातली. तेव्हा आम्स्टरडॅमहून निघालेली जहाजं अजून पीटर्सबर्गला जात होती. आम्ही त्या सहलीला गेलो ते राजनच्या आत्यासाठी. सुचेताआत्या पुण्याला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. कॉलेजात असताना एका मासिकामधून त्यांची लेनिनग्राडच्या गलीनाशी पत्रमैत्री जुळली. बरीच वर्षं इंग्रजीत पत्रं चालली, मग गलीनाचा पत्ता बदलला आणि धागा तुटला. राजनने तिचा शोध घ्यायचं मनावर घेतलं होतं. त्याला एक गलीना सापडलीही, पण ती ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारी कंपनी निघाली. शेवटी आत्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने फेसबुकवर खरी गलीना चहा पिता पिता शोधून दिली.

लेनिनग्राडचं आता पीटर्सबर्ग झालं होतं आणि गलीनाचे गुडघे गेले होते. बंदरापर्यंत येणं तिला जमणार नव्हतं. आमच्या सहलीची बस नदीकाठी पहिल्यांदा थांबेल, तिथे अर्धा तास मोकळा मिळेल, तिथल्या बाकावर ती येऊन बसणार होती. आत्यांचं वय बहात्तर, गलीनाला हृदयाचा त्रास. भेट झाली तर आज, नाहीतर कधीच नाही, हे दोघींनाही माहीत होतं. आणि आमच्याकडे व्हिसा नव्हता. जहाजाच्या सहलीचं तिकीट असेल तर तो लागत नाही, पण मग सहलीच्या बसनेच जायचं. बस चुकली की दिवसभर डेकवर बसून रशिया लांबून बघायचा.

म्हणूनच मी राजनला बजावलं होतं, "पासपोर्टच्या खिडकीपाशी तोंड उघडायचं नाही."

"मला रशियन येतं," तो म्हणाला.

त्याला 'दा' आणि 'न्येत' येत होतं. हो आणि नाही. एवढ्या दोन शब्दांत माणूस किती नुकसान करू शकतो, हे मला त्या सकाळी कळलं.

पीटर्सबर्गच्या बंदरावर त्या खिडकीमागे एक तरुण बाई बसली होती. चेहरा असा, की आपण न केलेला गुन्हासुद्धा कबूल करून टाकावा. सूत्रं एकाच्या हातात असावीत म्हणून राजनने दोघांचे पासपोर्ट आणि सहलीचं तिकीट एकदमच आत सरकवलं. आत्या मागे पिवळ्या रेघेवर उभ्या होत्या, हातात गलीनासाठी स्ट्रूपवाफलचा, म्हणजे पाक भरलेल्या डच बिस्किटांचा डबा. बाईने त्याचा पासपोर्ट पाहिला, माझा पाहिला, परत त्याचा पाहिला. मग त्याच्याकडे बोट करून मला विचारलं, "मुझ?"

राजनने मला कोपराने मागे सारलं. "हिंदी!" तो कुजबुजला. "मुझको, मुझसे. भारतीय दिसला की हिंदी, हा यांचा नेहमीचा समज." आणि छाती पुढे काढून त्याने आपला निम्मा शब्दसंग्रह वापरला. "न्येत! नो हिंदी. मराठी."

बाईची भुवई वर गेली. तिने माझ्याकडे पाहिलं, राजनच्या टकलाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "अत्येत्स?"

राजनचा चेहरा उजळला. "ऐकलंस? मराठीत बोलली! आत्येस!" आणि त्याने उरलेला शब्दसंग्रह उधळला. "दा! दा, दा!"

बाईने तिकिटावरचं 'मिस्टर अँड मिसेस' वाचलं. दोनदा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर जी किळस आली ती मला तेव्हा कळलीच नाही. तिने फोन उचलला आणि आम्हाला भिंतीशी उभं राहायची खूण केली.

"काय केलंस तू?" मी विचारलं.

"मी नाही केलं. आत्याने केलंय." तो भिंतीला पाठ लावून, ओठ न हलवता बोलू लागला. ओठ न हलवता बोललं की राजनचं अर्धं बोलणं नाकातून येतं. "व्याकरण बघ. आत्येस. स-ला-ते, द्वितीया विभक्ती. म्हणजे आत्या कर्म आहे. क्रियापद अध्याहृत आहे. पूर्ण वाक्य असं, की आत्येस पकडा."

"रशियन पोलीस द्वितीया कशाला वापरतील?"

"गुप्त पोलीस वापरतात," तो म्हणाला आणि पिवळ्या रेघेकडे वळून ओरडला, "आत्या! टॉयलेटला जा!"

"मला लागलेली नाही," आत्या तिकडून म्हणाल्या.

"लागेल! जा!"

रांगेतली माणसं बघायला लागली. पुण्यात पस्तीस वर्षं शाळा गाजवलेली बाई शरमेने लाल झाली आणि कोपऱ्यातल्या बायकांच्या दारात शिरली. संशयित सुरक्षित स्थळी पोचली, असं राजनने मला कळवलं.

मग सिद्धान्त सुरू झाले. पहिला मेतकुटाचा. आत्यांच्या पिशवीत पिवळी पूड आहे, हे जहाजावरच्या कुत्र्याने ओळखलं असणार. जहाजावर कुत्रा नाही, असं मी म्हटलं. कुत्रा दिसला नाही म्हणजेच तो प्रशिक्षित आहे, असं उत्तर मिळालं.

दुसरा हेरगिरीचा. "इतकी वर्षं लेनिनग्राडला पत्रं! काय लिहायची ती?"

"आमटीची कृती लिहायच्या. मला सांगितलंय त्यांनी."

"बघ! चिंच, गूळ, मंद आच. मंद आच म्हणजे काय, सांग. म्हणजे सबुरी. मुंबई बंदरातल्या बोटींची माहिती जात होती ती."

"आत्यांना बोट लागते, राजन. इथवरसुद्धा गोळ्या घेऊन आल्यात. त्या गेटवेला गेल्या तरी समुद्राकडे पाठ करून बसतात."

त्याने मान डोलावली. मला आशा वाटली. पण डोकं थंड असलं तरी रिकामं राहू शकत नव्हतं. "मग ही आत्या खरी कशावरून?" तो म्हणाला. "काल मी मुद्दाम चहात साखर कमी घातली. खरी आत्या बोलली असती."

"तुझ्या हातचा चहा त्यांनी कुंडीत ओतला. मी पाहिलंय."

एव्हाना आमच्या सहलीची सगळी माणसं पलीकडे गेली होती. पलीकडून गाईड मुलगी हातातली पाटी हलवून ओरडली की बस आता निघेल, आणखी थांबता येणार नाही. आणि माझं डोकं फिरलं. तिकडे एक म्हातारी बाई दुखऱ्या गुडघ्यांनी बाकावर येऊन बसली असणार, इकडे दुसरी टॉयलेटमध्ये कोंडलेली, आणि मधे हा अडाणी माणूस कुत्र्याची जात ठरवतोय. मला त्याचा असा संताप आला की त्याच्याशी भांडायलाही नको वाटलं. पहाऱ्यावरच्या शिपायाला खूण करून मी तडक आत्यांकडे गेले.

आत्या आरशासमोर डबा छातीशी धरून उभ्या होत्या. "गेली ना बस?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"अजून नाही. पण आत्या, ती बाई काहीतरी विचारते आणि आम्हाला कळत नाही."

"काय म्हणाली? अर्थ सांगू नकोस, शब्द सांग."

मी सांगितले. आत्यांनी मान हलवली. "मलाही नाही कळत. पासपोर्टवर नाव काय आहे तुझं?"

"मृदुला राजन गुळवणी."

आत्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मी गलीनाला पत्रात काय लिहायचे? प्रिय गलीना पेत्रोव्ना. पेत्रोव्ना म्हणजे प्योत्रची मुलगी. यांच्यात मधलं नाव बापाचं. लग्न झालं तरी बापाचंच राहतं. आपल्यासारखं नवऱ्याचं नाही घुसत. त्या पोरीने तुझं मधलं नाव वाचलं राजन, आणि शेजारी उभा कोण, तर राजन. टक्कल पडलेला. तिने विचारलं असणार, हा नवरा की बाप? काय उत्तर दिलं याने?"

"पहिल्याला न्येत. दुसऱ्याला दा."

"अरे देवा," आत्या म्हणाल्या.

म्हणजे माझ्या नवऱ्याने सरकारी खिडकीवर छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, की मी हिचा नवरा नाही, मी हिचा बाप आहे. आणि तिकिटावर आम्ही मिस्टर-मिसेस, एका केबिनमध्ये.

आम्ही धावत बाहेर आलो. खिडकीशी एक वयस्क साहेब आला होता, त्याला थोडं इंग्रजी येत होतं. आत्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "पासपोर्टचं शेवटचं पान उघडा." तिथे सरळ छापलेलं होतं. पतीचं नाव राजन, वडिलांचं नाव श्रीधर. आयुष्यभर इतरांच्या चुका तपासणाऱ्या माणसाला ते पान उलटायचं सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं सुचलं, पण मी स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवत नाही.

साहेबाने राजनकडे बोट केलं. "मग हा स्वतःला बाप का म्हणाला?"

"मूर्ख आहे," आत्या म्हणाल्या.

"त्याचा काही पुरावा?"

"त्याला बोलू द्या."

राजनने घसा साफ करून मराठी विभक्तींची माहिती इंग्रजीत द्यायला सुरुवात केली. तो द्वितीयेपर्यंत पोचतो न पोचतो तोच दोन्ही पासपोर्टांवर शिक्के बसले. आत्यांचा पासपोर्ट तर बाईने नुसता पाहिला आणि शिक्का मारला. सुचेता गजानन गुळवणी. "बहात्तर वर्षं सगळे विचारत आले, लग्न का नाही केलं," आत्या शिक्का बघत म्हणाल्या. "आता सांगीन, इमिग्रेशनला सोपं पडतं." मग राजनकडे वळल्या. "आणि तू. अध्याहृत क्रियापद नव्हतं रे, अध्याहृत तुझी अक्कल होती."

बस उभी होती. झ्वोलेच्या बाई दारात एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून ठाण मांडून उभ्या होत्या आणि ड्रायव्हरला चक्क डचमध्ये झापत होत्या. मी त्यांचे आभार मानले, झालेला प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "आम्हालाही पहिल्या दिवसापासून ते तुझे वडीलच वाटत होते. विचारायचं राहून गेलं." राजन खिडकीबाहेर बघायला लागला.

नदीकाठी बाकावर निळा स्कार्फ बांधलेली एक जाडजूड म्हातारी काठीवर हात ठेवून बसली होती. आत्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आख्खं व्याकरण तोंडपाठ असलेल्या बाईने नुसता डबा पुढे केला. गलीनाने हात धरून त्यांना शेजारी बसवलं. दोघी हसल्या, मग रडल्या, मग डबा उघडून एकच स्ट्रूपवाफल अर्धा अर्धा खाल्ला.

थोड्या वेळाने गलीनाने माझं नाव विचारलं. आणि लगेच वडिलांचं.

"श्रीधर," मी म्हटलं.

"मृदुला श्रीधरोव्ना," ती म्हणाली, अगदी सहज, रोज म्हणत असल्यासारखी.

बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. लग्नानंतर माझ्या नावातून त्यांचं नाव काढायचे कागद त्यांनीच रांगेत उभं राहून, मोठ्या हौसेने करून आणले होते. त्यानंतर कुणी मला त्यांच्या नावाने हाक मारली नव्हती. त्यांची इतकी आठवण आली की मला भर रस्त्यात रडू फुटलं.

राजन आत्यांच्या कानाशी वाकला. "आत्या, ही बाई मृदुलाच्या वडिलांची माहिती काढतेय. आणि मृदुला रडतेय. इथे काहीतरी शिजतंय."

"शिजतंयच," आत्या गलीनाचा हात न सोडता म्हणाल्या. "तू जा, बस कुठे लावलीय त्याचा तपास कर."

तो ताबडतोब निघाला. बस आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे उभी होती. राजनला ती सापडायला पुरा अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासासाठी मी त्याचे उपकार जन्मभर विसरणार नाही.