मिनिटरावांचं एक वाक्य

शहर बससेवेच्या मुख्य कचेरीत जिन्याखाली एक खोली होती आणि सबंध शहराचं वेळापत्रक त्या खोलीत तयार होत असे. ते तयार करणाऱ्या गृहस्थांना सगळे मिनिटराव म्हणत. एकशे चौदा गाड्या, एकोणीस मार्ग, आणि कुठली गाडी कुठल्या थांब्यावर कितव्या मिनिटाला, हे त्यांच्या डोक्यात इतकं चोख बसलेलं की बस आली की लोक घड्याळं लावून घेत. कोंबडेही आरवायची वेळ तिच्यावरूनच ठरवत, असं म्हणतात. कोंबड्यांचं म्हणणं नोंदलेलं नाही.

मिनिटराव स्वमग्न होते. तसा वैद्यकीय कागद त्यांच्या फायलीत होता. म्हणजे बावीस वर्षं तो कुणीही वाचला नव्हता. गोंगाट त्यांना सोसत नसे, कुणी खांद्यावर हात ठेवला की डोक्यातले आकडे सांडत, आणि बोलायचे ते जेवढं म्हणायचं आहे तेवढंच. त्यांना म्हणी कळत नाहीत असा कचेरीचा समज होता. कळत होत्या. कामाच्या वेळेत वापरू नयेत, एवढंच त्यांचं मत होतं.

मग वरून परिपत्रक आलं. 'प्रत्येक कार्यालयाने आपल्या आस्थापनेवरील स्वमग्न कर्मचाऱ्यास तीस दिवसांच्या आत समजून घ्यावे व तसा अहवाल सादर करावा.'

साहेबांनी सगळ्या फायली उपसल्या आणि त्यांना मिनिटराव सापडले. जत्रेत हरवलेलं मूल सापडावं तसा त्यांचा चेहरा खुलला. "आपल्याकडे एक आहे," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत सात जणांची समिती झाली. समितीला बसायला जागा हवी. समजून घ्यायला शांतता लागते, यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि कचेरीत शांत खोली एकच होती. दुसऱ्या दिवशी मिनिटरावांचं टेबल पुढच्या दालनात, तक्रार खिडकी आणि शिक्के मारायचं यंत्र यांच्या बरोबर मध्ये नेऊन ठेवलं गेलं. जिन्याखालच्या दारावर पाटी लागली: 'आकलन कक्ष'.

मिनिटरावांनी तीनदा आकडे मांडले आणि तीनदा यंत्राचा ठोका सरळ त्यांच्या कवटीत पडला. चौथ्यांदा त्यांनी अर्ज लिहिला. अर्जात एकच वाक्य होतं: 'मला माझी खोली परत हवी, कारण इथल्या आवाजात वेळापत्रक होत नाही.'

समितीत एक तज्ज्ञ बाई होत्या. स्वमग्न मन या विषयावर त्यांनी इतकी व्याख्यानं दिली होती की प्रत्यक्ष स्वमग्न माणसाला भेटायला सवड झाली नव्हती. त्यांनी अर्ज तीनदा वाचला आणि चष्मा काढला.

"खोली," त्या हळूच म्हणाल्या. "यांना खोलीच का मागावीशी वाटली असेल?"

"खोली हवी असेल, बाई," पाणी घेऊन आलेला शिपाई म्हणाला.

"तू तांब्या ठेव आणि जा," साहेब म्हणाले.

दोन बैठकांनंतर ठरलं की खोली म्हणजे आईची कूस, आवाज म्हणजे समाज आणि वेळापत्रक म्हणजे आयुष्य. साहेबांचे डोळे भरून आले. "आणि आपण वेड्यासारखे समजत होतो, हा बसबद्दल बोलतोय."

मग मिनिटरावांना मुलाखतीला बोलावलं. त्यांच्याच खोलीत.

"मोकळेपणानं बोला," बाई म्हणाल्या. "नक्की काय हवंय?"

"ही खोली."

"ही म्हणजे?"

"आपण बसलोय ती."

'“आपण” असं म्हणाले, नातं जुळू लागलं आहे,' बाईंनी टिपून घेतलं. "आणि आत्ता मनात काय चाललंय?"

"सात नंबरची गाडी. सोमवारी शाळा उघडतात. सात नंबर दवाखान्यावरून वळवायला हवी, आणि हातात चारच दिवस आहेत."

"दवाखाना," बाई पुटपुटल्या. शेजारच्या सदस्यानं 'जुनी जखम' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

घरी मिनिटरावांची थोरली बहीण भाजी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अरे बाळ्या, साहेबांना सरळ सांगायचं की."

"सरळच सांगितलं, ताई."

"तिथेच चुकलं तुझं. असं धाडकन मागतात का कुणी? आधी तब्येत विचारायची. मग हवेपाण्याचं काढायचं. आणि उठता उठता, मला मेलं काही नकोच, अशा थाटात विषय सोडून द्यायचा. शहाण्या माणसाला कळतं बरोबर."

"म्हणजे हवी असेल तर नको म्हणायचं."

"हां. आत्ता आलास ताळ्यावर."

मिनिटरावांनी जरा विचार केला. "आणि डॉक्टरांच्या कागदावर नाव माझं आहे," ते म्हणाले.

ताईनं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

तरी थोरल्या बहिणीचा शब्द. दुसऱ्या दिवशी मिनिटराव साहेबांपुढे उभे राहिले. "तब्येत कशी आहे? हवा बरी आहे. मला खोली नको."

साहेबांनी त्यांना मिठीच मारली. बावीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माणसासारखा बोलला होता. या वाक्याचा मात्र समितीनं काही अर्थ लावला नाही; ते जसंच्या तसं स्वीकारलं. अर्जदाराची हरकत उरली नाही अशी नोंद करून दुपारी खोली कायमची आकलन कक्षाच्या नावे झाली.

सोमवार उजाडला आणि वेळापत्रक नव्हतं. एका थांब्यावर अकरा गाड्या लग्नाच्या पंगतीसारख्या रांगेत लागल्या. दवाखान्यावर एकही फिरकली नाही. सात नंबरची गाडी सकाळपासून एकाच चौकाला प्रदक्षिणा घालत होती, आणि दुपारपर्यंत आतल्या प्रवाशांनी आपल्यातून एक अध्यक्ष व दोन उपाध्यक्ष निवडले होते. तक्रार खिडकीवर झुंबड उडाली. लोकांना समजून घ्यायला साहेबांनी तज्ज्ञ बाईंनाच तिथे बसवलं. नुकताच हात बसला होता.

"बस येत नाही," काठी टेकत आलेल्या आजी म्हणाल्या.

"येत नाही, म्हणजे नक्की कोण येत नाही, आजी? मुलगा?"

"सात नंबर."

"तुम्हाला सात मुलं?"

आजी शिपायाकडे वळल्या. "काय रे, या बाईंना जरा कमी ऐकू येतं का?"

शेजारच्या टेबलावर मिनिटराव कानांत कापूस घालून पाचव्यांदा आकडे मांडत होते. आजींना तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, "पलीकडच्या रस्त्यावरून नऊ नंबर घ्या, तो मार्ग अजून शाबूत आहे." आजी गेल्या. ही घटना अहवालात आलेली नाही.

अहवाल दोनशे बारा पानांचा झाला आणि वरच्या कचेरीत पहिला आला. त्याच्या सत्कारासाठी मोठं सभागृह, हार, कर्णे, सगळा थाट झाला. शेवटी साहेबांनी मिनिटरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना ध्वनिक्षेपकापुढे उभं केलं. सांडलेले आकडे गोळा करायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मला खोली हवी आहे," ते म्हणाले. "जिन्याखालची. मी नको म्हणालो ते खोटं होतं, ताईनं शिकवलं होतं. खोली आज दिलीत तर गुरुवारपासून गाड्या वेळेवर येतील. नाही दिलीत तर येणार नाहीत."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मिनिटरावांनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले. तेच छायाचित्र अहवालाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आहे. खाली ओळ आहे: 'अंतर्मनाचा आवाज ऐकताना.' पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती सूचक बोलतात हो."

खोली मिळाली नाही. आकलन कक्षात आता दुसऱ्या कचेऱ्यांतली माणसं प्रशिक्षणाला येतात, उशिरा येतात, कारण बसनं येतात.

आणि इथवर आलेल्या सुज्ञ वाचकहो, ही खोली म्हणजे नेमकं कशाचं प्रतीक असावं, हे तुमच्याही मनात घोळू लागलंच असेल. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. एक खिडकी, उत्तरेला. दार आतल्या बाजूला उघडतं.