रक्तदात्यांचे दफ्तर तिसऱ्या पोटी उतरले त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, जे घडले तितुकेच येथे नमूद केले असे. पदरचे काही घातले नाही. वाचणारांनी चित्त स्थिर करून वाचावे.

ठाणे प्रांती खोपट मुक्कामी, एस्टीच्या आगारामागे, जीवनओघ रक्तदाता मंडळाची कचेरी होती. दुर्मिळ रक्तगटाचे चार हजार दोनशे बारा दाते, त्यांची नावे, ठिकाणे आणि फोन, ऐसे समस्त दफ्तर तेथील एका वृद्ध सर्व्हरात नांदत होते. कोणा रुग्णालयी प्रसंग पडला की कचेरीतील निशिगंधाबाईंनी दफ्तर उघडावे, दाता शोधावा, आणि तत्काळ फोन करावा, ऐसा शिरस्ता. सर्व्हराचे रक्षण सकलयंत्रविद्यापारंगत दक्षताबाई खानविलकर, राहणार डोंबिवली पूर्व, यांजकडे सात वर्षे होते.

पुढे वर्तमान ऐसे की, मंडळाने बाळकुमास नवी जागा घेतली, आणि नवा सर्व्हर सोमवारी सकाळी तेथे यावयाचा ठरला. मग मंडळाचे कारभारी राजमान्य राजश्री राजरत्न सोनावळे यांचा हुकूम सुटला की, सोमवारी बॅकअपमधून दफ्तर नव्यात उतरवावे, जुना पुसून भंगारात रवाना करावा, आणि खोपटची जागा दुपारपर्यंत रिती करावी. येविषयी हयगय न करणे.

हुकूम वाचोन दक्षताबाईंचे चित्ती किंतु उपजला. दफ्तर सर्व्हराचे पोटी सॉफ्टवेअरच्या एका यंत्रात चाले, आणि बॅकअप म्हणजे त्या यंत्राची दफ्तरासकट नक्कल. ती रोज पहाटे निघे, आणि निघाली म्हणोन पडद्यावर हिरवी खूण उमटे. परंतु त्या नकलेतून दफ्तर माघारी काढून कोणी एकवारही पाहिले नव्हते. बाई गुरुवारी कारभाऱ्यांचे भेटीस गेल्या.

"अगं दक्षता, रोज टिक येते ना? मग कशाला एवढा घोळ?" कारभारी म्हणाले.

"सर, टिक येते म्हणजे कॉपी निघाली. त्यातून परत काही येतं का, ते कोणी बघितलंय?"

कारभाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं, बघ. पण सोमवार हलणार नाही."

आता अडचण ऐसी की, नक्कल उघडावयास खोपटच्यासारखाच सर्व्हर पाहिजे. जुन्यावरच उघडावी तर चालते दफ्तर तुडविले जाईल, आणि नवा अद्याप वाटेत. मग बाईंनी मसलत केली की, मंडळाने घरी दिलेला जो लोखंडी संगणक, त्याचे पोटी खोपटच्या सर्व्हराचा केवळ सॉफ्टवेअरचा जुळा उभा करावा, आणि त्या जुळ्याचे पोटी नकलेतील यंत्र उतरवावे. ऐसे पोटात पोट.

शुक्रवारी सकाळी, डबा न करिता, बाईंनी मोहीम मांडिली. जुळा बेलाशक उभा राहिला. परंतु त्याचे पोटी तिसरे यंत्र काही केल्या उभे राहीना. दोन तास झुंज जाहली. अखेर शोध लागला की, प्रोसेसरची जी शक्ती यंत्रापोटी यंत्र चालविते ती पहिल्या पोटापाशीच अडविलेली होती, आणि पुढे सोडावयाची सेटिंग मुळात बंद. ती बाईंनी चालू केली. आणि नकलेस आपण नक्कल आहो याची खबर नसते, ती जागी होताच नित्याप्रमाणे आपोआप खऱ्या दात्यांस संदेश धाडील, म्हणोन आतील यंत्राचे नेटवर्क आधीच तोडिले. मग तिसरे यंत्र मुंगीचे पावली जागे जाहले, आणि दफ्तराचे पान उघडले. त्यावर अक्षरे होती: एकूण दाते, शून्य.

बाईंनी पान तीन वेळा उघडून पाहिले. मग आठवले की, दोन वर्षांमागे दफ्तर फुगले तेव्हा आपणच ते सर्व्हराच्या दुसऱ्या डिस्कवर नेले, आणि ती डिस्क बॅकअपच्या यादीत घालावयाची राहिली. दोन वर्षे रिकाम्या घराची नक्कल निघत होती. कसूर दुसऱ्या कोणाचा नव्हता. लपवावयास वाव होता, यादीत एक खूण करिता कोणास काही न कळते. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि मग फोन लाविला.

"सर, बॅकअप रिकामा आहे. चूक माझी आहे."

मग कारभारी हळूच म्हणाले, "आपण सोमवारी जुना पुसणार होतो गं."

"हो, सर."

"उद्यापर्यंत नीट कर. आणि आता मला टिक सांगू नकोस, दाते सांग."

शनिवारी दुसरी डिस्क यादीत दाखल जाहली, ताजी नक्कल निघाली, आणि दुपारी तिसरे पोट पुन्हा जागे जाहले. एकूण दाते, चार हजार दोनशे बारा. एकदा फसल्या असलेने बाईंचा आकड्यावर विश्वास बसेना. खोपटाहून निशिगंधाबाईंनी फोनवर चालत्या दफ्तरातील दहा नावे वाचावी, आणि इकडे दक्षताबाईंनी ताडावी. दहावे नाव आंबिवलीच्या केशरबाईंचे, बॉम्बे रक्तगट, फोन त्याच सकाळी बदललेला. तो नवा क्रमांक तिसऱ्या पोटी हजर होता. खातरजमेस बाईंनी आपल्या मोबाइलवरून तो फिरविला.

"कोन बोलते? रगत पायजे का? कल्यानला येऊ का ठान्याला?"

"नाही मावशी, रक्त नको. नंबर बरोबर आहे ना, एवढंच बघत होते."

"बरोबर हाय गो. लागलं तर सांग, मी घरीच हाय."

फोन ठेविल्यावर बाई दोन दिवसांत प्रथमच रडल्या, आणि मग दोन घास जेवल्या.

सोमवारी बाळकुम मुक्कामी दफ्तर नव्या सर्व्हरात उतरले. एकही नाव वाटेत धारातीर्थी पडले नाही. जुने यंत्र पुसोन टेंपोत चढले. दुपारी पाऊण वाजता कल्याणच्या एका रुग्णालयाचा फोन आला, निशिगंधाबाईंनी दफ्तर उघडिले, आणि दाता चार मिनिटांत सापडला. मोहीम फत्ते जाहली, ऐसे कारभाऱ्यांचे सहीनिशी नमूद असे.